समाजाचा आवाज नेमका कुणाचा?

कॉलेजची निवडणूक. विद्यार्थी अध्यक्षपदासाठी एक हुशार मुलगा उभा राहतो. मतमोजणी होते आणि तो पडतो. फक्त एका मताने! हळहळ वाटतेच, पण खरी गोष्ट पुढे आहे. नंतर त्याला कळतं की ते मत त्याच्याच रूममेटने फिरवलं होतं. कारण काय, तर मुलगा चांगला आहे, मित्र आहे, खोली शेअर करायलाही हरकत नाही, पण एका मेक्सिकनला मत द्यायचं? ते काही त्याच्याने झालं नाही.

हा मुलगा म्हणजे ज्युलियन समोरा. गाव अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं पगोसा स्प्रिंग्ज, कॉलेज अ‍ॅडम्स स्टेट. पुढे १९५३ मध्ये त्याने समाजशास्त्रात पीएचडी मिळवली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारा तो पहिला मेक्सिकन-अमेरिकन. नोत्र दाम विद्यापीठात प्राध्यापक झाला. आणि १९६८ मध्ये त्याने आणखी काही जणांना सोबत घेऊन एक संघटना उभी केली, जी आज अमेरिकेतल्या हिस्पॅनिक समाजाची सगळ्यात मोठी नागरी हक्क संघटना मानली जाते. तिचं आजचं नाव युनिडोस-यूएस.

समोरांपर्यंत मी पोहोचले ती एका प्रश्नामुळे. गेल्या महिन्यात डेस्कवर एक परदेशी बातमी मराठीत करत होते. ‘लॅटिनो नेत्यांनी तीव्र निषेध केला’ असं वाक्य लिहिलं आणि कॉपी पुढे सरकवली. आमच्या मॅडमनी ती परत पाठवली. म्हणाल्या, ‘हे नेते कोण? त्यांना नेता केलं कुणी? ते माहीत नसेल तर हे वाक्य कशाला लिहितेस?’ खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. म्हणून शोधायला बसले.

ज्याला दोन भाषा येतात तो

सुरुवात संस्थापकांपासून. त्यातलं सगळ्यात थरारक आयुष्य अर्नेस्टो गलार्सांचं. जन्म १९०५, मेक्सिकोतलं डोंगरातलं खेडं. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब उत्तरेकडे सरकत सरकत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला पोहोचलं. शाळा आणि शेतमजुरी दोन्ही सुरू. मजुरांच्या एका छावणीत पिण्याचं पाणी दूषित होतं, मुलं आजारी पडत होती. शहरात जाऊन अधिकाऱ्याला हे सांगायचं कुणी? सगळ्यांनी या पोराकडे बोट दाखवलं. कारण एकच: त्याला इंग्रजी येत होतं. अधिकाऱ्याने त्याचं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की तुम्ही लोक संघटित व्हा.

हा प्रसंग गलार्सांनी आपल्या ‘बॅरिओ बॉय’ या आत्मकथनात लिहून ठेवलाय. पुढे ते स्टॅनफर्डला शिकले, कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी झाले. एवढ्या पदव्या घेऊन माणूस कुठे जाईल? गलार्सा परत शेतमजुरांच्या युनियनमध्ये गेले. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने ‘ब्रासेरो’ कार्यक्रमाखाली मेक्सिकोतून तात्पुरते शेतमजूर आणले, सुमारे ४६ लाख करार झाले. या योजनेत मजुरांची पिळवणूक कशी होते, हे गलार्सांनी कागदोपत्री पुराव्यांसह मांडलं. ही योजना बंद होण्यात त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा मानला जातो.

तिसरे हर्मन गायेगोस. पेशाने समाजसेवक. पन्नासच्या दशकात सॅन होजेच्या ज्या वस्तीत त्यांनी मतदार नोंदणीचं काम केलं, तिला लोक ‘साल सी पुएदेस’ म्हणायचे. अर्थ : जमलं तर निघ इथून! वस्तीची अवस्था कळायला नाव पुरेसं आहे. गायेगोस या नव्या संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक झाले. आणि संचालक मंडळाचे पहिले अध्यक्ष होते मॅक्लोव्हिओ बरासा, अ‍ॅरिझोनाच्या तांब्याच्या खाणीतले कामगार नेते.

आता ही चौकडी एकत्र बघा. एक प्राध्यापक, एक संशोधक-कार्यकर्ता, एक समाजसेवक, एक खाण कामगारांचा पुढारी. यातले दोघे पीएचडी! मला सुरुवातीला वाटलं होतं की ‘गरिबीतून वर आलेला नेता’ अशी नेहमीची गोष्ट सापडेल. गरिबी होतीच. पण गरीब तर लाखो होते. या लोकांकडे वेगळं काय होतं, तर त्यांना दोन्हीकडची भाषा येत होती. छावणीतली आणि कचेरीतली. समाजाने त्यांना पुढे केलं ते आधी दुभाषी म्हणून. नेतेपद नंतर आलं.

पैसा कुणाचा?

पण नुसत्या भाषेवर संघटना चालत नाही. पैसा लागतो. १९६८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात संघटना सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा’ आणि निधी प्रामुख्याने फोर्ड फाउंडेशनचा. त्याच वर्षी याच फाउंडेशनच्या पैशातून ‘माल्डेफ’ ही कोर्टात लढणारी संघटनाही उभी राहिली.

इथे एक पेच झाला. संघटनेमार्फत काही पैसा टेक्ससमधल्या आक्रमक तरुण गटांपर्यंत पोहोचला. त्यावर सगळ्यात मोठा आक्षेप कुणी घेतला असेल? कुणा गोऱ्या सिनेटरने? नाही. सॅन अँटोनिओचे खासदार हेन्री बी. गोन्झालेस यांनी, म्हणजे स्वतः मेक्सिकन-अमेरिकन असलेल्या नेत्याने. अमेरिकन काँग्रेसने १९६९ मध्ये फाउंडेशन्सवरचे नियम कडक केले. फोर्डनेही सांगितलं की राजकीय संघटनबांधणी कमी करा, घरबांधणी, रोजगार, आर्थिक विकास अशी ‘ठोस’ कामं करा. संघटनेची दिशा तिथे वळली.

म्हणजे ज्यांनी वस्तीतून सुरुवात केली, त्यांना दोन वर्षांतच कळलं की आपण वस्तीला उत्तर देतोय तसंच देणगीदारालाही देतोय. आपल्या कॉलेज फेस्टला स्पॉन्सर मिळवायला फिरलेल्या कुणालाही हे पटेल. बॅनरवर नाव कुणाचं मोठं, यावरून अर्धी भांडणं होतात!

कोळ्याच्या बोटीवरून वॉशिंग्टनला

सत्तरच्या दशकात संघटना ‘नॅशनल’ झाली, मुख्यालय वॉशिंग्टनला गेलं आणि १९७४ मध्ये राउल इसागिरे प्रमुख झाले. वय ३५. ते या पदावर पुढे तीस वर्षं राहिले.

इसागिरे टेक्ससच्या अगदी दक्षिण टोकाचे, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या सॅन हुआन गावचे. तेराव्या वर्षी घरातून पळाले आणि कॉर्पस क्रिस्टीला मासेमारीच्या बोटीवर काम करू लागले. या शहराला हिस्पॅनिक चळवळीत मोठं स्थान आहे. १९२९ मध्ये इथेच ‘लुलॅक’ ही सगळ्यात जुनी संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष बेन गार्झा हॉटेल चालवायचे, बाकीच्यांत वकील, शिक्षक, व्यापारी. सुरुवातीला सदस्य व्हायला अमेरिकन नागरिकत्वाची अट होती. सीमेपलीकडून नुकताच आलेला मजूर तिच्या दाराबाहेरच.

याच शहरात डॉ. हेक्टर गार्सिया दवाखाना चालवायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असलेल्या गार्सियांनी १९४८ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन माजी सैनिकांची ‘जीआय फोरम’ काढली. वर्षभरातच एक प्रकरण देशभर गाजलं. फिलिपिन्समध्ये मारल्या गेलेल्या फेलिक्स लोंगोरिया या सैनिकाचं पार्थिव टेक्ससला आलं, पण त्याच्या गावच्या अंत्यविधी गृहाने आपली जागा द्यायला नकार दिला. गोऱ्यांना आवडणार नाही, हे कारण. गार्सियांनी तारा पाठवल्या, तेव्हाचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी दखल घेतली आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये लोंगोरियांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी सन्मान मिळाला.

या वातावरणात वाढलेल्या इसागिरेंनी पंधराव्या वर्षी जीआय फोरमची मुलांची शाखा उभारली. नंतर हवाई दलाच्या वैद्यकीय विभागात चार वर्षं, मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ. म्हणजे खेडं, बोट, लष्कर, राजधानी असा प्रवास.

त्यांच्या काळात संघटना सतरा संलग्न संस्थांवरून तीनशेच्या आसपास गेली. या संस्था म्हणजे दवाखाने, शाळा, घरकर्जाचा सल्ला देणारी केंद्रं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते मोजणीचं काम. मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन हे तोवर स्वतःला वेगवेगळेच समजायचे. एकाचा प्रश्न सीमेचा, दुसरा जन्मतःच अमेरिकन नागरिक, तिसरा कॅस्ट्रोच्या राजवटीतून पळून आलेला. या सगळ्यांना एका रकान्यात मोजा, असा आग्रह संघटनांनी धरला. १९७६ मध्ये तसा कायदा झाला आणि १९८० च्या जनगणनेत हिस्पॅनिक मूळ आहे का, हा प्रश्न सगळ्या घरांत विचारला गेला. आकडा निघाला सुमारे १ कोटी ४६ लाख. २०२० मध्ये तो ६ कोटी २१ लाख झाला.

आकडा आला की वजन येतं. मतदारसंघ, निधी, शाळेतल्या जागा, सगळं त्या रकान्यावर ठरतं. पण त्याचबरोबर एक समस्याही जन्माला येते. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एक नाव दिलं, तर त्यांच्या वतीने बोलणाराही एकच असणार का?

पत्रकारिता शिकलेली अध्यक्ष

२००५ मध्ये जॅनेट मुर्गिया आल्या. इथे मी जरा खूश झाले, कारण बाईंची एक पदवी पत्रकारितेची आहे! कॅन्सस विद्यापीठातून पत्रकारिता, स्पॅनिश आणि मग कायदा अशा तीन पदव्या.

मुर्गिया कॅन्सस सिटीच्या आर्जेंटिन नावाच्या वस्तीतल्या. तिथे पूर्वी चांदी वितळवण्याचा कारखाना होता, म्हणून हे नाव. आईवडील मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातले, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. वडील पोलादाच्या कारखान्यात, आई घरीच इतरांची मुलं सांभाळायची. सात भावंडं. त्यातली जॅनेटची जुळी बहीण मेरी फेडरल अपील कोर्टाची मुख्य न्यायाधीश झाली, एक भाऊही फेडरल न्यायाधीश होता. जॅनेट आधी एका खासदाराच्या कार्यालयात, मग क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमध्ये, मग विद्यापीठाच्या प्रशासनात.

अजून एक गोष्ट नोंदवायला हवी. संचालक मंडळात निम्म्या स्त्रिया हव्यात, असा नियम या संघटनेने सत्तरच्या दशकातच केला होता. पण प्रमुखाच्या खुर्चीत बाई बसायला २००५ उजाडलं.

आता फरक बघा. गलार्सा छावणीतून कचेरीत गेले ते निरोप घेऊन. मुर्गिया संघटनेत आल्या त्या कचेरी आतून बाहेरून माहीत असलेल्या म्हणून. पहिल्या पिढीत दार ठोठावणारा हवा होता. नंतरच्या पिढीत दारामागे कोण बसतो, त्याचा फोन नंबर काय, हे माहीत असणारा हवा झाला.

याचा फायदा होतो का? होतो. आणि अडचणही होते. २०१४ चं उदाहरण घ्या. ओबामांच्या कारकिर्दीत हद्दपार केलेल्यांची संख्या वीस लाखांच्या जवळ पोहोचली होती. मार्चमध्ये मुर्गियांनी जाहीर भाषणात राष्ट्राध्यक्षांना ‘डिपोर्टर इन चीफ’ म्हटलं. ‘कमांडर इन चीफ’वरची ही कोटी ओबामांना चांगलीच झोंबली. आणि तेव्हा व्हाइट हाउसमध्ये देशांतर्गत धोरणाच्या प्रमुख कोण होत्या? सेसिलिया मुन्योस. याच संघटनेत अनेक वर्षं वरिष्ठ पदावर राहिलेल्या! बोलिव्हियातून आलेल्या आईवडिलांची, डेट्रॉइटमध्ये जन्मलेली मुलगी, वडील मोटार उद्योगात इंजिनीअर. एकाच संघटनेतून घडलेल्या दोघी, एक बाहेरून आरोप करतेय, दुसरी आतून सरकारचं समर्थन करतेय.

यातली खरी प्रतिनिधी कोण? मला वाटतं, दोघीही. पण ज्याचा बाप त्या वीस लाखांत होता, त्याला हे उत्तर पुरेसं वाटणार नाही.

नाव बदललं, माणसं?

२०१७ मध्ये संघटनेने जुनं नाव टाकलं. ‘ला रासा’चा शब्दशः अर्थ ‘वंश’, पण लोक तो ‘आपली माणसं’ अशा अर्थाने वापरायचे. विरोधक मात्र ‘बघा, वंशवादी संघटना’ असं म्हणत राहिले. २०१६ च्या प्रचारात तर कहर झाला. ट्रम्प यांनी त्यांचा खटला चालवणारे न्यायाधीश गोन्झालो कुरिएल पक्षपाती असल्याचा आरोप केला आणि त्यांच्या ‘ला रासा’ संबंधांची चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात कुरिएल सदस्य होते सॅन डिएगोतल्या वकिलांच्या एका वेगळ्याच संस्थेचे, आणि त्यांचा जन्म इंडियाना राज्यातला!

पण नाव बदलण्याचं मुर्गियांनी दिलेलं कारण दुसरंच होतं. नव्या पिढीला जुनं नाव आपलं वाटत नाही. चळवळीने ज्या शब्दावर पन्नास वर्षं काढली, तो शब्द विशीतल्या मुलांना परका झाला होता.

नाव बदलता येतं. पण २०२४ मध्ये त्याहून अवघड प्रश्न समोर आला. लुलॅकने, म्हणजे १९२९ च्या त्या जुन्या संघटनेने, आपल्या राजकीय समितीमार्फत इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, कमला हॅरिस यांना. निकाल काय? एक्झिट पोलनुसार लॅटिनो मतदारांपैकी सुमारे ४६ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले. २०२० मध्ये हे प्रमाण ३२ टक्के होतं. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक असलेल्या टेक्ससच्या स्टार काउंटीत १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवार जिंकला. शेजारची हिडाल्गो काउंटीही ट्रम्पकडे गेली. इसागिरेंचं सॅन हुआन गाव याच काउंटीत आहे.

हे वाचून मी थोडा वेळ थांबले. ज्या खोऱ्यातून नेता आला, तेच खोरं संघटनांचं ऐकायचं थांबलंय की काय?

घाईने ‘हो’ म्हणणं चुकीचं ठरेल. लोकांनी महागाई, नोकरी, सीमेवरची परिस्थिती अशा कारणांसाठी मत दिलं. मत दिलं म्हणून हक्क सोडून दिले असं होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा आणणारा आदेश निघाला, तेव्हा कोर्टाचं दार ठोठवायला नागरी हक्क संघटनाही पुढे आल्या. या आदेशाची झळ फक्त कागदपत्रं नसलेल्यांपुरती नव्हती. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या जोडप्यांची मुलंही त्यात येत होती. पुण्या-मुंबईतून एच-१बीवर गेलेल्या आपल्या ताई-दादांच्या घरातही तेव्हा त्याचीच चर्चा होती. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या संघटनेने लढलेली केस आपल्याही दारापर्यंत येते.

मग मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर काय?

‘त्यांना नेता केलं कुणी?’ युनिडोस-यूएसमध्ये प्रमुख ठरवतं संचालक मंडळ. सामान्य माणूस तिथे मत देत नाही. लुलॅकमध्ये स्थानिक शाखांचे प्रतिनिधी अधिवेशनात मतदान करून अध्यक्ष निवडतात. पण तिथेही सहा कोटींतले सगळे येत नाहीत, येतात ते सदस्य. म्हणजे ‘लॅटिनो नेते म्हणाले’ या वाक्यात ‘लॅटिनो’ हा शब्द जितका मोठा आहे, तितका मोठा जनादेश कुणाकडेच नाही.

म्हणून पार्श्वभूमी निरुपयोगी ठरते का? अजिबात नाही. आईवडील कारखान्यात राबले, शाळेत अपमान सोसला, रूममेटने मत नाकारलं, यातून माणसाला कुठे दुखतं ते कळतं. ते पुस्तकातून कळत नाही. पण ते कळणं ही सुरुवात झाली. तीस वर्षांनंतरही तेच भांडवल वापरता येईल, असं नाही. गलार्सांचं मोठेपण ते छावणीतून आले यात जितकं आहे, त्यापेक्षा जास्त पदव्या घेऊन ते पुन्हा मजुरांमध्ये गेले यात आहे.

त्यामुळे कुणीही ‘मी तुमच्यातलाच’ म्हणत समोर आला, मग तो वॉशिंग्टनमधला असो की आपल्या कॉलेजातला सीआर, तर दोनच गोष्टी विचारायच्या. तू कुठून आलास, हे तर विचाराच. आणि शेवटचा परत कधी गेला होतास, हेही विचारा.

बातमी मी नंतर दुरुस्त करून दिली. ‘लॅटिनो नेत्यांनी’ काढून संघटनेचं नाव घातलं, प्रमुखाचं नाव घातलं. वाक्य चार शब्दांनी वाढलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त कॉपी पुढे गेली.

चौकट : हिस्पॅनिक की लॅटिनो?

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी नातं असलेले. यात स्पेन येतो, पोर्तुगीज बोलणारा ब्राझील येत नाही. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेशी नातं असलेले. यात ब्राझील येतो, स्पेन येत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत हिस्पॅनिक असणं आणि वंश हे दोन वेगळे प्रश्न होते. त्यामुळे हिस्पॅनिक माणूस गोरा, काळा, मूळनिवासी, कुणीही असू शकतो. आणि घरी विचाराल तर बरेच जण यातलं काहीच सांगत नाहीत. सांगतात : मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन. आपणही परदेशात गेल्यावरच ‘साउथ एशियन’ होतो ना, तसंच!